काही दिसलं नाही, हेही लिहायचं

देशातली व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते आणि तिची सुरुवात पायी चालण्याने होते. कॅमेरे, उपग्रहाचे नकाशे, संगणक हे सगळं त्यानंतर. आधी वाघांच्या जंगलातल्या प्रत्येक बीटवर, म्हणजे एकेका वनरक्षकाकडे राखणीला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, वनरक्षक आणि वनमजूर ठरलेल्या वाटा चालतात आणि जे सापडेल ते नोंदवतात. काही व्याघ्र प्रकल्प या कामात त्यांच्या सोबतीला स्वयंसेवक घेतात. मेळघाटने अर्ज मागवले तेव्हा मी लगेच भरला. ओळखपत्राची प्रत, डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि एक हमीपत्र. जंगलात काही इजा झाली तर जबाबदारी माझी, कर्मचाऱ्यांच्या सूचना पाळीन, काढलेले फोटो आणि जमवलेली माहिती परवानगीशिवाय कुठेही टाकणार नाही. त्यातलं पहिलं कलम आईने दोनदा वाचलं आणि काही न बोलता कागद माझ्याकडे परत दिला. निवड झाल्याचं कळलं तशी मी परतवाड्याची गाडी पकडली.

मेळघाट निवडण्यामागे कारण होतं. वाघ बघायचा तर लोक ताडोब्याला जातात, आणि ते बरोबरच आहे, तिथे तो दिसतो. मेळघाट म्हणजे सातपुड्याच्या उतरणी, खोल खोरी, सिपना-खापरा-गाडगा अशा नद्या आणि नजर पोचेल तिथवर सागवान. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातली पहिली नऊ जंगलं निवडली गेली, त्यात महाराष्ट्रातलं हे एकच होतं. इतक्या वर्षांचं संरक्षण लाभलेलं जंगल, आणि तरी इथे वाघ सहजासहजी समोर येत नाही. जो दिसत नाही तो आहे की नाही हे कसं ठरवतात, ते मला जवळून पाहायचं होतं.

परिक्षेत्र कार्यालयाच्या सभागृहात प्रशिक्षण झालं. प्रशिक्षकांनी अॅप दाखवण्याआधी जुनी गोष्ट सांगितली आणि ते मला फार आवडलं. पूर्वी वाघाचा पाऊलठसा सापडला की त्यावर काच ठेवून कागदावर गिरवायचे, ठशांच्या फरकावरून वाघ वेगळे ओळखायचे आणि बेरीज करायचे. २००१-०२च्या अशा गणनेत देशात ३६४२ वाघ मोजले गेले. पुढे २००४-०५च्या सुमाराला राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. कागदावर ते होते. त्या धक्क्यातून पंतप्रधानांनी नेमलेला कृती गट आला, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने बसवलेली नवी पद्धत आली. त्या पद्धतीने २००६ साली आकडा आला १४११. दोन्ही आकडे वेगवेगळ्या रीतीने काढलेले, त्यामुळे एकातून दुसरा वजा करून काही हाती लागत नाही. पण सभागृहात क्षणभर सगळे गप्प झाले खरे. २०२२च्या गणनेचा सरासरी अंदाज ३६८२ आहे.

"तुम्ही वाघ मोजायला आलेला नाहीत," प्रशिक्षक म्हणाले. "तुम्ही चाललेली वाट आणि तिच्यावर काय होतं, काय नव्हतं, हे लिहायला आला आहात." मग कंपास, अंतर मोजायचा रेंजफाइंडर आणि एम-स्ट्राइप्स नावाचं अॅप हातात देऊन त्यांनी आम्हाला आवारातच चालवून घेतलं. अॅप चालणाऱ्याचा माग जीपीएसवर सतत नोंदवत राहतं. कुठे थांबलात, कुठून वळलात, सगळं राहतं.

मला मिळालेल्या बीटवर वनरक्षक एक तरुण मुलगी होती. वर्दी, पायात कॅनव्हासचे बूट, कमरेला वायरलेस सेट. पहिल्या दिवशी ती मला मॅडम म्हणाली, दुसऱ्या दिवशी ताई, आणि मीही तिला ताईच म्हणू लागले. सोबत एक वयस्क कोरकू वनमजूर, त्यांना सगळे बाबा म्हणत. अमरावतीच्या कॉलेजचा एक मुलगा दुसरा स्वयंसेवक होता. आम्ही संरक्षण कुटीत राहत होतो. सौर दिवा, चूल, नाल्यातून आणलेलं पाणी, भाकरी आणि तुरीचं वरण. जानेवारीची थंडी अशी की पहाटे चुलीपासून उठायला जीव होत नसे. वायरलेसवर मात्र ठरलेल्या वेळी प्रत्येक कुटीची हजेरी लागायची आणि त्या आवाजानेच दिवस सुरू व्हायचा.

पहिले दिवस मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधायचे. रोज सकाळी पाच किलोमीटरची वाट, रोज वेगळी. वाट कोणती ते वनरक्षकाने ठरवायचं. नाल्याचं रेतीचं पात्र, जुना जंगलरस्ता, दोन नाले मिळतात ती जागा, कड्याखालून गेलेली पायवाट. वाघ-बिबट उगाच झुडपांतून अंग ओरबाडत जात नाहीत, त्यांनाही सोपी, मऊ वाट आवडते. सापडलेल्या प्रत्येक खुणेची नोंद: पाऊलठसा, विष्ठा, जमीन खरवडल्याची खूण, झाडावरचे ओरखडे, डरकाळी, की प्रत्यक्ष प्राणी. ताजी की जुनी. फोटो. पुढे.

जंगलरस्त्याच्या एका वळणावर बाबा खाली बसले आणि हाताने आम्हाला मागेच थांबवलं. पिठासारख्या बारीक धुळीत एक ठसा होता. मागच्या गादीचा खालचा काठ तीन भागांत वाटलेला, पुढे चार बोटं, नखांचा मागमूस नाही. ताईने शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला. बिबट्याचा ठसा एवढा मोठा नसतो. मी वाकून बघत राहिले. कडा अजून उभ्या होत्या, पण धुळीचा वरचा पापुद्रा दवाने बसला होता आणि ठशाच्या मधोमध एखाद्या किड्याच्या पायांची नाजूक रांगोळी उमटली होती. "दव पडायच्या आधी गेला," बाबा म्हणाले. "किडा मागून गेला. म्हणजे रात्रीचाच, पण पहाटेचा नाही." पुढचा ठसा, त्याच्या पुढचा, मग वाट सोडून तो उताराला लागलेला. कॉलेजच्या मुलाने विचारलं, नर की मादी? ताई म्हणाली, "अंदाज सांगता येतो, पण फॉर्ममध्ये तो मागितलेला नाही. मग सांगायचाच कशाला?" तिने 'वाघ, पाऊलठसा, ताजा' एवढंच भरलं आणि उठली.

त्याच वाटेवर अस्वलाची विष्ठा सापडली, बोराच्या बियांनी गच्च भरलेली. दोन वाटा मिळतात तिथे रानकुत्र्यांनी एकाच जागी विष्ठेचे ढीग केले होते, त्यांत सांबराचे राठ केस. बाबा काडीने ते उलगडून दाखवत होते. एका सकाळीत एवढं पाहून आम्ही हरखून गेलो होतो.

दुसरी वाट माथ्यावरची होती. बफरच्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्याच्या बाजूला, एका गावाच्या शिवाराला लागून. इथे थोडं सांगायला हवं. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात ३६१ चौरस किलोमीटरचं गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, त्याला लागून मेळघाट अभयारण्य, शिवाय वान, नरनाळा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला पूर्ण मनाई. अभयारण्यात काही गोष्टी परवानगीने चालतात. आणि बफरमध्ये माणसं आणि जंगल एकत्र राहतील असंच धरलेलं आहे. नकाशावर ह्या रेषा ठळक दिसतात. जमिनीवर त्या शेणावरून ओळखू येतात. माथ्यावर आम्ही चढलो तसं गुरांचं शेण वाढत गेलं, तोडलेल्या फांद्या दिसायला लागल्या, मोळीच्या वाटा दिसल्या. पहिला किलोमीटर काही नाही. दुसरा नाही. खडकाळ, कडक जमीन, तिच्यावर ठसा उमटणं तसंही अवघड. तिसरा, चौथा. ताई प्रत्येक झाडाचं खोड खालपासून पाहत होती, तितक्याच बारकाईने जितकं तिने आदल्या दिवशी पाहिलं होतं.

कॉलेजच्या मुलाने खालच्या नाल्याकडे बोट दाखवलं. तिथे वाळू आहे, तिथे हमखास काहीतरी मिळेल, तिथून वळून जाऊ या का? ताई थांबली. "आजची वाट ही आहे. नाल्याचं नाल्याच्या दिवशी." आणि आम्ही पाचवा किलोमीटर पुरा केला. मांसाहारी प्राण्याची एकही खूण नाही. तिने अॅपवर चाल बंद केली, रजिस्टरवर तारीख, वेळ, अंतर लिहिलं आणि खुणांच्या रकान्यात शून्य.

त्या शून्याचं मोल मला जेवताना बाबांशी बोलता बोलता कळत गेलं. किती किलोमीटर चाललो आणि त्यात किती खुणा मिळाल्या, ह्या प्रमाणावर पुढचं सगळं गणित उभं राहतं. जिथे सापडतं तिथेच चालत राहिलं तर कागदावर सगळं जंगल भरलेलं दिसेल. मग माथ्यावरची कुटी कशाला, तिथे पाणवठा कशाला, तिथल्या गावाला गॅसची शेगडी देऊन लाकूडतोड कमी करायची गरज काय? रिकाम्या जागेची तक्रार करणारं तिथे कोणीच नसतं. तिच्या वतीने बोलणारी एकच गोष्ट, ती म्हणजे चालून आलेल्या माणसाने लिहिलेलं शून्य. सरिस्कात हेच कोणी वेळेवर लिहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

खुणांनंतर ट्रान्सेक्ट. दोन किलोमीटरची सरळ लाइन, झाडांवर रंगाच्या खुणा करून आधीच आखलेली. तीच लाइन तीन वेगवेगळ्या सकाळी, सूर्य उगवताना चालायची. इथे शोध तृणभक्ष्यी प्राण्यांचा: सांबर, गवा, भेकर, चौसिंगा, रानडुक्कर. वाघाचं पोट ज्यांच्यावर चालतं त्यांची घनता कळल्याशिवाय वाघाविषयी काही बोलता येत नाही. बोलायचं नाही, खोकायचं नाही, सागाच्या वाळलेल्या पानांवर पाय सपाट टाकायचा. तरी आवाज होतोच. लाइन सरळ आहे आणि मेळघाटात सपाटी नाही, त्यामुळे मध्ये येईल तो नाला उतरायचा, येईल ती चढण चढायची. दहा पावलं, थांबा, दोन्ही बाजूंना बघा, पुन्हा दहा पावलं.

बांबूच्या एका बेटाजवळ बाबांनी हनुवटीने दिशा दाखवली. गवे. काळ्या पाठी, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि दोन लालसर तपकिरी पिल्लं. ताईने आधी मोजले: सात. मग कळपाच्या मध्यावर रेंजफाइंडर लावला, ६० मीटर. कंपासवर कळपाची दिशा ७० अंश, आमच्या लाइनची ४० अंश. मध्ये ३० अंशांचा कोन, म्हणजे कळप लाइनपासून काटकोनात ३० मीटरवर. सगळी पद्धत ह्या काटकोनातल्या अंतरावर बेतलेली आहे. लाइनच्या जवळचे प्राणी जवळजवळ सगळे दिसतात, लांबचे झाडीत हरवतात. अंतर वाढेल तसं दिसणं किती कमी होतं हे एकदा कळलं की न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. शाळेत शिकलेलं त्रिकोणमितीचं सूत्र त्या बांबूच्या बेटाजवळ मला पहिल्यांदा पटलं. एका गव्याने मान वर करून फुत्कार टाकला आणि सगळा कळप उताराला लागला. तोवर ताईची नोंद झाली होती. प्राणी दिसताक्षणी तो जिथे होता ते अंतर लागतं, पळून थांबल्यानंतरचं नाही, म्हणून तिचा हात इतका चपळ.

दुपारी कुटीच्या अंगणात बसलो असताना तिने एका निष्पर्ण सालईच्या फांदीवरचा रानपिंगळा दाखवला. भर उन्हात जागा, शेपटी झटकत बसलेला. १८८४ नंतर ११३ वर्षं हा पक्षी कोणाला जिवंत सापडला नव्हता. १९९७ साली तो शहाद्याच्या जंगलात पुन्हा दिसला, मग मेळघाटातही. आमच्या फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती, तरी ताईने आपल्या डायरीत तारीख टाकून लिहून ठेवला. वाघाच्या नावाने राखलेल्या जंगलात असे कितीतरी जीव निमूट जगून जातात, आणि व्याघ्र प्रकल्पाचं सगळ्यात मोठं देणं मला तरी हेच वाटतं.

ट्रान्सेक्टवरून परतताना दर ४०० मीटरवर थांबायचं. पंधरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात झाडं कोणती, झुडपं किती दाट, घाणेरी पसरली आहे का, आणि माणसाचा वावर किती: तोड, छाटणी, गुरांच्या वाटा. शिवाय वीस मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पट्ट्यात लेंड्या मोजायच्या. गुडघ्यावर बसून पानं बाजूला सारत, कोणाच्या ते ओळखत. हे काम कंटाळवाणं वाटेल असं मला आधी वाटलं होतं. मला ते गवे बघण्याइतकंच आवडलं. जमीन इतक्या जवळून आपण एरवी कधी पाहतो?

एका पट्ट्यात आम्ही बसलो ती जागा मोकळी होती. उंच गवत, अधूनमधून मोहाची मोठी झाडं, एका बाजूला आंब्याचं झाड आणि त्याच्याखाली दगडांची ओळ. जंगलात आंबा असा एकटा उगवत नाही. बाबांनीच सांगितलं, इथे त्यांचं गाव होतं. गाव उठून खाली गेलं, सरकारने मोबदला दिला. ह्या मोबदल्याची रक्कम कुटुंबामागे २००८ पासून दहा लाख रुपये होती, २०२१ मध्ये ती पंधरा लाख झाली. कायद्याने पुनर्वसन ग्रामसभेच्या संमतीने आणि स्वखुशीने व्हायला हवं. बाबांना मी त्यांच्या खुशीविषयी विचारलं नाही. त्यांनी आपणहून एवढं सांगितलं की मुलांना शाळा जवळ मिळाली, दवाखाना मिळाला, आणि पावसाळ्यात नदीला पूर आला की अडकून पडणं संपलं. मग म्हणाले, "पण मोह इथला गोड होता."

आमचा पट्टा जिथे आखला होता तिथे त्यांची ज्वारी व्हायची. आता तिथे सांबराच्या लेंड्यांचे ढीगच ढीग होते. बाबांनीच ते मोजले, ताईने लिहिले. वावराचा बांध कुठून जायचा ते त्यांनी बोटाने दाखवलं, मला तो दिसला नाही. संरक्षित क्षेत्राची चर्चा शहरात होते तेव्हा एक बाजू म्हणते माणसं हटवा, दुसरी म्हणते जंगल माणसांचंच. बाबा वनमजूर म्हणून रोज त्या जंगलाची राखण करतात आणि आपलं गाव जिथे होतं तिथल्या लेंड्या न चुकता मोजतात. वाढलेल्या सांबरांची किंमत कोणी मोजली हे गणनेच्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ह्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.

काम संपल्यावर सगळ्या बीटचे फोन आणि रजिस्टरं परिक्षेत्र कार्यालयात जमा झाली. तिथून माहिती पुढे डेहराडूनला जाणार. उपग्रहावरून काढलेली जंगलाची माहिती तिला जोडली जाणार आणि मग कॅमेऱ्यांचा टप्पा. २०१८ साली देशभर २६८३८ जागी कॅमेरे लावले होते. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा लावतात. पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखू येतो. काच आणि कागदाचा काळ आता खरोखर मागे पडला आहे.

तपासणी करणाऱ्या साहेबांनी ताईचं रजिस्टर उलटलं. वाघ, अस्वल, रानकुत्रे, ठीक. माथ्यावरच्या वाटेशी ते थांबले.

"इथे शून्य?"

"हो सर."

"पाच किलोमीटरमध्ये काहीच नाही?"

"नव्हतं सर. माग बघा ना."

त्यांनी पडद्यावर तिची चाल उघडली. माथ्यावरून एक हिरवी रेष अखंड गेलेली, कुठेही नाल्याकडे न वळलेली, पाच किलोमीटरची. त्यांनी रेष शेवटपर्यंत पाहिली, शून्याच्या बाजूला बरोबरची खूण केली आणि सही केली. मग कॅमेऱ्यांच्या जागांची यादी तिच्या हातात दिली. तिच्या बीटवरच्या यादीत माथ्यावरची ती वाटही होती.